कारखान्यातल्या शिकवणीला सरकारी मान्यता: कोणत्या व्यवसायाला, कुणाकडून आणि कशी मिळते

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका फौंड्री आणि मशीन शॉपच्या मालकांचा प्रश्न असा आहे: "हजेरीवर २२ माणसं आहेत, ठेकेदाराकडची १४. कोअर (ओतीव नगात पोकळी राहावी म्हणून आत ठेवायचा वाळूचा ठोकळा) काढणं, सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) चालवणं सगळं पोरं आमच्याकडेच शिकतात. दोन-तीन वर्षांत हात बसतो. पण दुसरीकडे गेली की पुन्हा हेल्परपासून सुरुवात, कारण हातात कागद नाही. सरकार कुठल्या कामाला अप्रेंटिसशिपची मान्यता देतं? आमच्या शिकवणीला ती मिळेल का? हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या आमच्या पाहुण्यांनाही हेच विचारायचं आहे."

मिळेल. पण आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो. कारखान्याने स्वतः छापलेल्या प्रमाणपत्रावर सरकार शिक्का मारत नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ या कायद्याखाली चार गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जातात: व्यवसाय, त्याचा अभ्यासक्रम, शिकवणारी आस्थापना आणि त्या एका उमेदवाराशी केलेला करार. पहिल्या दोन गोष्टींना मान्यता केंद्राच्या पातळीवर मिळते, उरलेल्या दोन तुमच्या हातात असतात. करारात लिहिलेल्या तारखेपासून उमेदवारी सुरू होते. त्याआधी तुम्ही पोराला दोन वर्षं मनापासून शिकवलं असलं, तरी कायद्याच्या हिशेबात ते धरलं जात नाही. आधीच हात बसलेल्या कामगारांसाठी पूर्वकौशल्याच्या मान्यतेचा, म्हणजे आरपीएलचा, वेगळा रस्ता आहे. त्यांना मागील तारखेचा करार करून अप्रेंटिस दाखवू नका. सरकारच्या अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर हजेरी, बँक आणि आधार एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे ते उघडं पडतं.

आता व्यवसायाचं. कुठलंही काम व्यवसाय ठरत नाही. फेटलिंगला (ओतलेल्या नगाच्या कडा घासून साफ करायला) बसवलेला पोरगा दिवसभर ग्राइंडर चालवतो, ते कष्टाचं काम आहे, पण तेवढ्यावर अप्रेंटिसशिप उभी राहत नाही. हीच कसोटी अमेरिकेत नियमातच लिहून ठेवलेली आहे: काम उद्योगभर ओळखलं जाणारं हवं, ते प्रत्यक्ष करूनच शिकण्याजोगं हवं, आणि शिकायला किमान २,००० तास लागायला हवेत. शिवाय वर्षाला १४४ तास वर्गशिक्षणाची शिफारस आहे. जर्मनीत सुमारे ३३० मान्य व्यवसायांची यादी आहे आणि प्रत्येकाचा देशभर एकच प्रशिक्षण-नियम आहे. तिथे उद्योग-वाणिज्य मंडळ किंवा कारागीर मंडळ कारखान्यात येऊन जागा आणि शिकवणाऱ्या माणसाची पात्रता तपासतं, मगच करार नोंदवतं.

आपल्याकडे दोन रांगा आहेत. पहिली डेझिग्नेटेड ट्रेडची, म्हणजे निर्देशित व्यवसायांची. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, फाउंड्रीमन, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हे सगळे त्यात येतात. नवा व्यवसाय या यादीत यायचा तर उद्योगाकडून मागणी जाते, केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या देखरेखीखाली उद्योगातली जाणकार मंडळी अभ्यासक्रम बसवतात, राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद त्याला राष्ट्रीय कौशल्य-चौकटीतली (एनएसक्यूएफ) पातळी देते, आणि केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेशी सल्लामसलत झाल्यावर राजपत्रात अधिसूचना निघते. हे एकट्या कारखान्याच्या आवाक्यातलं नाही.

दुसरी रांग ऑप्शनल ट्रेडची. कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली तेव्हा ती आली, आणि छोट्या उद्योगांना खरी उपयोगी हीच आहे. इथे व्यवसाय मालक ठरवतो, कालावधी ६ ते ३६ महिन्यांचा असतो, आणि अभ्यासक्रम त्या क्षेत्राच्या सेक्टर स्किल कौन्सिलकडे (त्या उद्योगातली कौशल्यं ठरवणाऱ्या संस्थेकडे) तपासला जातो. इथे लोक एक चूक हमखास करतात: स्वतःचा नवा अभ्यासक्रम लिहायला बसतात. तसं करायची गरज बहुधा पडत नाही. आधी पोर्टलवर शोधा. 'सीएनसी ऑपरेटर – टर्निंग' ही भूमिका, म्हणजे अभ्यासक्रमासह ठरवून दिलेलं काम, भांडवली वस्तू क्षेत्राच्या कौन्सिलने आधीच बांधून ठेवलेली आहे, ती उचलायची. जी भूमिका तुमच्या कामाशी ऐंशी टक्के जुळते, ती घ्या आणि उरलेलं जास्तीचं म्हणून शिकवा. स्वतःचा अभ्यासक्रम टाकायचाच असेल, तर प्रत्येक कौशल्याला तास, कुठल्या मशीनवर ते शिकवणार, उमेदवाराला ते जमलं हे कसं मोजणार आणि चौकटीतली पातळी कोणती, एवढं मांडावं लागतं. 'कोअर बनवण्याचे ज्ञान' असं एका ओळीत लिहिलेलं परत येतं. मान्य अभ्यासक्रमालाही मुदत असते. संपत आलेल्या अभ्यासक्रमावर दोन वर्षांचा करार करू नका.

तुमच्या बाबतीत माझा सल्ला: फौंड्रीच्या बाजूला फाउंड्रीमन हा निर्देशित व्यवसाय घ्या, कोअर त्यातच येतो. सीएनसीच्या बाजूला ऑप्शनल ट्रेड घ्या. दोन्हीचं मिश्रण असलेला तिसराच काहीतरी व्यवसाय उभा करू नका. पोराला पुढे नोकरी देणाऱ्या माणसाला नाव वाचून काम कळलं पाहिजे.

किती उमेदवार घ्यायचे हा हिशेब सरळ आहे, पण ठेकेदाराची माणसं धरायची हे विसरलं जातं. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. संख्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या पट्ट्यात ठेवायची. तुमचे २२ आणि १४ मिळून ३६ होतात, म्हणजे तुम्ही आधीपासूनच सक्तीत आहात. अडीच टक्के म्हणजे ०.९, पंधरा टक्के म्हणजे ५.४. एकापासून पाचपर्यंत उमेदवार घेता येतील. पहिल्या वर्षी दोनच घ्या. पाच पोरांना शिकवायला तुमच्याकडे दोनच जाणते मिस्त्री असतील, तर पाचही जण हेल्पर होऊन बसतात.

कामाचा क्रम असा. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करायची: पॅन, जीएसटी, कारखान्याचा पत्ता, बँक खातं, आणि कामगारसंख्या हजेरीपटाशी आणि ठेकेदाराच्या नोंदीशी जुळणारी. मग जागा टाकायच्या, उमेदवार निवडायचा, करार तयार करायचा. उमेदवार १८ वर्षांखालचा असेल तर पालकाची सही लागते. कायद्याने किमान वय १४ आहे, पण धोकादायक उद्योगात १८ पूर्ण हवं. फौंड्रीत वितळलेला धातू आहे, तेव्हा अठराखालचा मुलगा घेऊच नका. करार झाल्यापासून सात दिवसांत तो पोर्टलवर चढवायचा. राज्यात शिकाऊ उमेदवारीचा कारभार व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय पाहतं. कोल्हापुरात निर्देशित व्यवसायांसाठी कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयच्या आवारातलं मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र गाठायचं. लोक त्याला बीटीआरआय म्हणतात. करार भरण्याआधी एकदा तिथे प्रत्यक्ष जाऊन या. कोणत्या व्यवसायाला तुमची मशिनरी पुरते, हे तिथे अर्ध्या तासात कळतं आणि पुढचे दोन महिने वाचतात.

डिप्लोमा किंवा पदवीवाला मुलगा घ्यायचा असेल तर मार्ग वेगळा आहे. तो शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स योजनेतून येतो आणि त्याचं काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहतं. डिप्लोमाधारकाला आयटीआयच्या जागेवर बसवून कमी विद्यावेतन देणं ही सर्रास दिसणारी आणि पकडली जाणारी चूक आहे.

विद्यावेतनाचे २०१९ च्या नियमांतले किमान आकडे असे: पाचवी ते नववी ५,०००, दहावी ६,०००, बारावी आणि आयटीआय ७,०००, डिप्लोमा ८,०००, पदवी ९,००० रुपये महिना. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी ते वाढतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय परिषदेने हा पट्टा ६,८०० ते १२,३०० करण्याची शिफारस केली, तेव्हा कराराच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा लागू असेल तोच धरा. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, कमाल १,५०० रुपये, केंद्र देतं. २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. तुम्ही तुमचा हिस्सा आधी बँकेतून द्यायचा आणि पोर्टलवर नोंदवायचा. रोख दिलेलं विद्यावेतन दिल्यासारखं धरलं जात नाही.

या उमेदवाराला पीएफ आणि ईएसआय लागत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने तो कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे. यावरून काहींना वाटतं की जबाबदारीही नाही. ती पूर्ण आहे. सुरक्षेचे नियम त्याला कामगारासारखेच लागू होतात आणि अपघात झाल्यास भरपाई मालकाने द्यायची असते. ईएसआयचं छत्र नाही म्हणूनच त्याचा अपघात विमा वेगळा उतरवा. ओव्हरटाइमही शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, मंजुरीशिवाय देता येत नाही. भट्टी रात्री उशिरापर्यंत चालली म्हणून अप्रेंटिसला थांबवून घेणं बेकायदा आहे.

इथपर्यंत कागद झाला. मान्यता खऱ्या अर्थाने कमवायची असते ती पुढच्या महिन्यांत, आणि सर्वात जास्त ढिलाई तिथेच होते.

अभ्यासक्रमाचे दोन भाग असतात: मूलभूत प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण. आयटीआय झालेल्याला मूलभूत भागातून सूट असते. कोऱ्या पाटीच्या मुलाला ती नसते. त्याला आधी सुरक्षा, मोजमाप, ड्रॉइंग वाचन, हत्यारं हे शॉपफ्लोअरच्या गोंगाटाबाहेर शिकवावं लागतं, तुमच्याकडे किंवा मान्य केंद्रात. प्रोत्साहन योजनेच्या मूळ आराखड्यात यासाठी कमाल तीन महिने म्हणजे ५०० तास धरले होते आणि ७,५०० रुपयांपर्यंत खर्च मिळत होता. यावरून सरकारला किती शिकवणं अपेक्षित आहे याचा अंदाज येतो. ज्या कारखान्यात हा भाग दोन दिवसांत उरकतात, तिथला उमेदवार शेवटच्या परीक्षेत व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) वाचताना अडकतो.

त्यानंतर त्याला फिरवायचं. फाउंड्रीमनसाठी वाळू तपासणी, मोल्डिंग, कोअर, भट्टी आणि ओतकाम, फेटलिंग, तपासणी असा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावा, प्रत्येक टप्प्याला महिने आणि जबाबदार मिस्त्रीचं नाव घाला. ऑर्डर आली की पोराला फेटलिंगवर ढकलायचा मोह होतो. चार महिने तो तिथेच राहिला की अभ्यासक्रमातला भट्टीचा भाग कोरा राहतो, आणि तपासणीला आलेला अधिकारी पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.

आणि रोजवही. बहुतेक वह्यांत असं लिहिलेलं असतं: "कोअर शॉपमध्ये काम केले." पुढची पंधरा पानं तेच वाक्य, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. अशी वही नसल्यातच जमा. चांगली नोंद कशी असते ते पाहा:

"सीओटू कोअर, पंप बॉडी, २४ नग. वाळू ५० किलो, सोडियम सिलिकेट २ किलो. पहिल्या सहा कोअरच्या कडा हाताला झडल्या. वायू जास्त वेळ सोडला होता, वेळ कमी केला. दोन कोअरमध्ये व्हेंटची तार घालायची राहिली, ते बाजूला काढले."

पाच-सहा ओळी, पण वाचणाऱ्याला सगळं कळतं. बाइंडरचं, म्हणजे वाळू धरून ठेवणाऱ्या सोडियम सिलिकेटचं, प्रमाण चार टक्के हे पोराला माहीत आहे. कोअर कडक करणारा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वायू जास्त झाला की कोअर ठिसूळ होतो हे त्याने हाताने अनुभवलं आहे. व्हेंट नसेल तर ओतताना वायू बाहेर पडायला वाट राहत नाही आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, धरतो. तो कधीकधी मशीनवर टूल लागल्यावरच दिसतो, म्हणजे तोवर ओतकामाचा आणि मशीनिंगचा दोन्ही खर्च वाया गेलेला असतो. ही नोंद मिस्त्रीने त्याच दिवशी वाचून सही करायची. मिस्त्रीला लिहायचा कंटाळा असतो हे मान्य. म्हणून उमेदवारानेच लिहावं, मिस्त्रीने तोंडी दोन प्रश्न विचारावेत आणि सही करावी. पाच मिनिटांचं काम आहे, त्यात दोघंही शिकतात.

कुठे अडतं तेही सांगतो. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असतं. 'पाटील' आणि 'पाटिल' एवढ्यावरूनही विद्यावेतनातला केंद्राचा हिस्सा लटकतो. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा जोडलेलं दुसरंच जुनं खातं असतं आणि पैसे तिकडे जातात. मासिक हजेरी उशिरा भरली जाते. मूळ मशीन विकलं तरी व्यवसाय तोच दाखवला जातो. आणि सगळ्यात गंभीर: पोरगा मधेच सोडून जातो आणि मालक काहीच कळवत नाही. करार संपवायचा तर सल्लागाराकडे रीतसर अर्ज करावा लागतो. चूक मालकाची असेल तर तो भरपाई देतो, उमेदवाराची असेल तर प्रशिक्षणाचा खर्च त्याच्याकडून मागता येतो. नुसता सोडून दिलेला करार दोघांच्या नावावर लटकत राहतो, आणि त्या मुलाला दुसरीकडे नवा करार करताना अडचण येते.

शेवटी परीक्षा. निर्देशित व्यवसायात अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. ऑप्शनल ट्रेडमध्ये मूल्यमापन कौन्सिलच्या पद्धतीने होतं. उमेदवारी संपल्यावर नोकरी द्यायलाच हवी असं बंधन नाही, पण भरतीचं धोरण तुम्ही ठरवायचं असतं. ते लेखी ठेवा आणि पहिल्याच दिवशी पोराला सांगा.

या प्रमाणपत्राने परवाना मिळत नाही, हे इलेक्ट्रिशियन आणि बॉयलरच्या बाबतीत पक्कं ध्यानात ठेवा. आपल्या साखर कारखान्यांत बॉयलर अटेंडंटची उमेदवारी केलेल्या मुलालाही बॉयलर ताब्यात घ्यायला बाष्पके संचालनालयाकडची सक्षमता परीक्षा द्यावी लागते. वायरिंगची कामं स्वतःच्या सहीने करायची तर राज्याचा विद्युत परवाना वेगळा काढावा लागतो. काही व्यवसाय तर या कायद्याच्या बाहेरच आहेत. सीएची आर्टिकलशिप त्यांची संस्था १९४९ च्या स्वतंत्र कायद्याखाली चालवते.

परदेशी जाण्याचा विचार असलेल्या मुलांसाठी एक गोष्ट. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून ही चौकशी वाढली आहे. तिथे आपलं प्रमाणपत्र आपोआप चालत नाही. औद्योगिक व्यवसायांसाठी न्यूरेंबर्गची आयएचके फोसा ही संस्था आपला अभ्यासक्रम त्यांच्या व्यवसायाशी ताडून पाहते: कालावधी, विषय, प्रत्यक्ष काम. त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. अभ्यासक्रमाची प्रत, गुणपत्रिका, आणि कोणत्या मशीनवर काय काम केलं हे लिहिलेलं कारखान्याचं पत्र लागतं. वर सांगितलेली रोजवही असेल, तर ते पत्र तासाभरात तयार होतं.

आता हुपरी. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे तशी ओळख वस्तूला मिळाली, तरी ती कारागिराच्या हाताची पावती होत नाही. पाहुण्यांच्या घरी चारपेक्षा कमी माणसं काम करत असतील, तर या कायद्याखाली त्यांना अप्रेंटिस घेता येणार नाही. स्वतः कारागिराने ओळख मिळवायची तर १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत सोनारकाम आहे, आणि पादत्राणं बनवणाऱ्यांचं कामही. तिथे पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे.

पण नवीन पोरं घडवायची असतील, तर हुपरीची अडचण माणसांच्या संख्येहून मोठी आहे. तिथलं काम घराघरांत वाटलेलं असतं. एकाकडे आटणी आणि तार, दुसऱ्याकडे जोडणी, तिसऱ्याकडे घुंगरू, चौथ्याकडे पॉलिश. पोरगा एकाच घरी राहिला तर पैंजण पूर्ण कसं होतं हे त्याला कधीच हाताने कळत नाही, आणि एका टप्प्याला कुणी व्यवसाय म्हणून मान्यता देणार नाही. यावर कायद्याच्या कलम ८ मध्येच वाट आहे. अनेक मालकांनी एकत्र येऊन, स्वतः किंवा सल्लागाराने मान्य केलेल्या संस्थेमार्फत, उमेदवाराला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फिरवत प्रशिक्षण देता येतं. चार माणसांची अट पुरी करणारी चार-पाच दुकानं शोधा, रत्न-आभूषण कौन्सिलची जुळणारी भूमिका निवडा, प्रत्येक टप्प्याचे महिने आणि दुकान ठरवून एकच आराखडा करा, आणि तो घेऊन सगळे मिळून सल्लागाराकडे जा. विद्यावेतन कुणी किती द्यायचं हे त्या आराखड्यातच लिहून घ्या.